एका ऐनाच्या बदल्यात साठ रोपं: झाडातल्या कार्बनचा हिशेब

करवंद | ४ ऑक्टोबर, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहायला बसले.

आमची वसाहत बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणापासून चालत दहा मिनिटांवर. साठ-एक वर्षांपूर्वी इथे इमारती उठल्या तेव्हा रानातली काही झाडं तशीच राखली गेली. त्यातला एक ऐन आमच्या विंगच्या मागे उभा आहे. साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी तडकलेली, पावसाळ्यात त्या भेगांतून शेवाळ धरतं. २०१६ साली लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघींनी त्याचा घेर मोजला होता, १७५ सेंटीमीटर. प्रकल्प संपला, पण मोजायची सवय राहिली. दर वर्षी पाऊस उघडला की जमिनीपासून १.३ मीटरवर खडूची खूण करायची, तिथेच टेप गुंडाळायचा आणि वहीत आकडा लिहायचा. गेल्या रविवारी घेर भरला १८८.५. नऊ वर्षांत साडेतेरा सेंटीमीटर.

आता सोसायटीचा पुनर्विकास ठरला आहे आणि नकाशात ऐनाच्या जागी पार्किंगचा रॅम्प आहे. गेल्या सभेत मी विषय काढला तेव्हा उत्तर मिळालं, "ताई, काळजी करू नका. कायद्याप्रमाणे झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची आहेत. एकाच्या जागी साठ झाडं येणार, उलट पर्यावरणाचा फायदाच." लोकांनी माना डोलावल्या. मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही, घरी येऊन मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसले.

उष्णकटिबंधातल्या झाडांचं वजन काढायला संशोधक जे समीकरण वापरतात ते जेरोम शाव आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलेलं आहे. लाकडाची घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार करायचा, त्याचा ०.९७६ वा घात घ्यायचा आणि त्याला ०.०६७३ ने गुणायचं. घनता ग्रॅम प्रति घनसेंटीमीटरमध्ये, व्यास सेंटीमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये. उत्तर येतं ते जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन, किलोमध्ये.

आमच्या ऐनाचा व्यास ६० सेंटीमीटर. उंचीसाठी गच्चीवरून वजन बांधून नाडी खाली सोडली, ती पंधरा मीटर भरली. गच्चीच्या वर ऐन आणखी साधारण तीन मीटर आहे, म्हणजे १८. लाकडाची घनता ०.७ धरली. वजन आलं सुमारे २३६० किलो. त्यातला ४७ टक्के कार्बन धरला तर ११०० किलोच्या वर. तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हवेत गेला तर ४४ भागिले १२ या हिशेबाने (कार्बन डायऑक्साइड आणि नुसता कार्बन यांच्या वजनांचं प्रमाण) चार टन.

मग रोप घेतलं. तीन मीटर उंच, बुंधा तीन सेंटीमीटर जाड, म्हणजे रोपवाटिकेतलं चांगलं पोसलेलं रोप. त्याचं वजन आलं साधारण एक किलो. साठ रोपांचे साठ किलो.

२३६० च्या बदल्यात ६०. मी तीनदा तपासलं. माझं काही चुकतंय का, जाणकारांनी सांगावं. पुढची सभा ९ नोव्हेंबरला आहे.

---

तांबट | ४ ऑक्टोबर, रात्री ११.०५

वाचतेय. आमच्याकडे मुलुंडलाही हाच विषय सुरू आहे, तिथे पर्जन्यवृक्ष आहेत. नऊ वर्षं मोजमाप ठेवलंत याबद्दल खरंच कौतुक वाटलं.

---

मोजपट्टी | ५ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

करवंदताई, गणित बरोबर आहे. मी पश्चिम घाटातल्या एका संशोधन प्लॉटवर दोन हंगाम मोजणीचं काम केलंय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक सावधगिरी. ते समीकरण ५८ ठिकाणच्या ४००४ झाडांवरून बसवलेलं आहे. ती झाडं प्रत्यक्ष तोडून, वजन करून हिशेब मांडला होता. हजारो झाडांच्या रानाला ते लावलं की चुका एकमेकींना खाऊन टाकतात. एकट्या झाडाला लावलं तर उत्तर बरंच वर-खाली होऊ शकतं, त्यात शहरातल्या झाडांच्या फांद्या छाटलेल्या असतात. म्हणून सभेत '२३६० किलो' असं छातीठोक सांगू नका, 'दोन टनांच्या आसपास' म्हणा. मुळं यात धरलेलीच नाहीत. ती वरच्या वजनाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी असतात.

दुसरं म्हणजे घनता. तुमच्या ऐनाइतकाच जाड आणि उंच सावर असता तर वजन निम्म्याहून कमी भरलं असतं, कारण सावरीचं लाकूड हलकं, ०.३३ च्या आसपास. मी गणित करून पाहिलं, सुमारे ११३० किलो येतात. तेव्हा 'किती झाडं' या प्रश्नाच्या आधी 'कोणती' आणि 'केवढी' हे प्रश्न येतात. खैर, अंजनी ही झाडं मंद वाढतात, पण त्यांचं लाकूड दगडासारखं. पांगारा, सावर भराभर वाढतात आणि आतून हलके.

आता रानात हे कसं मोजतात ते सांगतो. पनामा कालव्यासाठी गाटून तलाव भरला तेव्हा एका टेकडीचं बेट झालं, बारो कोलोराडो. तिथे स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८० च्या सुमारास ५० हेक्टरचा तुकडा आखला आणि बोटाएवढ्या, म्हणजे एक सेंटीमीटर व्यासाच्या रोपापासून पुढचं प्रत्येक खोड मोजलं. दोन लाखांहून जास्त खोडं, सुमारे ३०० जाती. तेव्हापासून दर पाच वर्षांनी पुन्हा सगळी मोजणी होते. आपल्याकडे तमिळनाडूत मुदुमलाईला भारतीय विज्ञान संस्थेच्या रामन सुकुमार यांच्या गटाने १९८८ मध्ये असाच ५० हेक्टरचा प्लॉट सुरू केला, एक किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद. तिथे हत्ती येऊन झाडं मोडून जातात, वणवे लागतात, आणि तेही सगळं वहीत येतं.

काम दिसायला साधं, करायला किचकट. प्रत्येक झाडाला ॲल्युमिनियमचा नंबर, मापाच्या जागी लाल रंगाचा पट्टा. खिळा मापाच्या जागेपासून लांब ठोकायचा, कारण खिळ्याभोवती खोड फुगतं आणि माप बिघडतं. पुढच्या वेळी जावं तर झाडाने अर्धा बिल्ला गिळलेला असतो, मग तो हळूच सोडवून खिळा बाहेर काढायचा. बुंध्याला आधारमुळांचे पंखे असतील तर त्यांच्या वर शिडी लावून मोजायचं. मी पहिल्या हंगामात एका उंबराचं माप पंख्यांवरूनच घेतलं होतं, आणि कागदावर ते झाड एका रात्रीत दुपटीने जाड झालं. ताईंनी (आमच्या गटप्रमुखांना सगळे ताईच म्हणत) काही न बोलता मला परत चार किलोमीटर चालवत नेलं आणि माप पुन्हा घ्यायला लावलं.

तुम्ही दर वर्षी एकाच ऋतूत मोजता हे फार बरं केलंत. पावसाळ्यात साल आणि खोड पाणी धरून फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. मे महिन्यातलं माप ऑक्टोबरच्या मापाशी ताडलं असतंत तर वाढ नुसती पाण्याचीच निघाली असती.

---

गिरगावचा | ५ ऑक्टोबर, दुपारी १.३०

धागा मनापासून आवडला, पण दोन शंका आहेत.

पहिली. आज साठ रोपांचे साठ किलो, मान्य. पण ती वाढणार ना? साठांनी मिळून २३६० किलो भरायचे तर प्रत्येकाने फक्त ३९ किलो व्हायचं. तुमचंच समीकरण उलटं लावलं तर आठ मीटर उंच आणि बारा सेंटीमीटर जाड झाड पुरतं. ते काही फार मोठं नाही. बारा-पंधरा वर्षांत होईल. मग सोसायटीवाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं कसं?

दुसरी. झाड तोडलं म्हणजे कार्बन लगेच हवेत गेला असं कुठे आहे? आमच्या चाळीच्या तुळया बर्मा सागाच्या आहेत. शंभर वर्षं होऊन गेली, टाचणी टोचत नाही अजून. त्यातला कार्बन जिथल्या तिथेच आहे की.

---

करवंद | ५ ऑक्टोबर, रात्री ९.५०

गिरगावचा, पहिली शंका मी स्वतःलाही विचारली होती आणि रात्रभर झोप आली नाही. तुमचं गणित बरोबर आहे. म्हणूनच सभेत "साठ रोपं म्हणजे काहीच नाही" असं मी म्हणणार नाही. पण तीन गोष्टी वहीत लिहिल्या आहेत.

एक, साठच्या साठ जगली तर. आमच्याच रस्त्यावर चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात लावलेली बावीस रोपं मी मोजली होती. आज सात उभी आहेत. बाकीच्यांच्या जागी नुसत्या लोखंडी जाळ्या, एका जाळीत तर कुणीतरी कपडे वाळत घालतं.

दोन, साठ झाडांना बारा सेंटीमीटर जाड व्हायला जागा लागते. आमच्या नव्या नकाशात मोकळी जमीन अशी उरलेलीच नाही, तळघरावर माती टाकून बाग आहे. म्हणजे ती रोपं दुसरीकडे कुठेतरी जाणार. कुठे, ते विचारलं तर अजून सांगितलेलं नाही.

तीन, या पंधरा वर्षांत ऐन काय स्वस्थ बसणार आहे का? वर्षाला दीड सेंटीमीटर घेर वाढतोय. उंची तेवढीच धरली तरी वजनात वर्षाला सुमारे ३७ किलोंची भर पडते. दर वर्षी तो छत्तीस-सदतीस रोपांच्या वजनाचं लाकूड अंगावर चढवतो, तेही पालिकेचा टँकर न येता. रोपांनी गाठायचा आकडा २३६० नाही, तो पुढे पळतोय.

---

मोजपट्टी | ६ ऑक्टोबर, सकाळी ७.००

ताईंच्या तिसऱ्या मुद्द्याला पुस्ती. 'म्हातारं झाड वाढत नाही, कार्बन घेत नाही' हा समज वनखात्याच्या जुन्या शिकवणीतून आलाय. २०१४ मध्ये ४०३ जातींच्या झाडांवरचा अभ्यास 'नेचर'मध्ये आला होता. बहुतेक जातींत झाड जितकं मोठं तितकं ते वर्षाला जास्त वस्तुमान जोडतं, असं त्यात दिसलं. घेराचा वेग मंदावलेला दिसतो, पण ती पातळ कडी केवढ्या मोठ्या परिघावर चढते ते पाहा. जगभरच्या ४८ मोठ्या प्लॉटांची आकडेवारी २०१८ मध्ये एकत्र केली तेव्हा सर्वांत मोठ्या एक टक्का झाडांत जमिनीवरचं निम्मं वजन भरलं. शंभरातलं एक झाड गेलं तर हिशेबात एक टक्का नाही जात, मोठा लचका जातो.

मात्र पूर्ण रान घेतलं तर चित्र थोडं वेगळं असतं. तिथे मोठी झाडं मरतातही, त्यामुळे जुन्या रानाची निव्वळ वाढ मंद असते आणि वाढत्या रानाची जलद. अमेरिका खंडातल्या उष्णकटिबंधात शेती सोडलेल्या जमिनीवर उगवलेल्या रानांचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये झाला. जुन्या रानाच्या ९० टक्के वजनापर्यंत पोचायला त्यांना सरासरी ६६ वर्षं लागतात असा अंदाज निघाला. म्हणजे नवीन रान येऊ देणं फार मोलाचं आहे, पण ते जुन्याच्या बदल्यात नव्हे, जुन्याच्या जोडीला.

गिरगावचा यांची दुसरी शंकाही रास्त. तुळईतला कार्बन तुळईत राहतो. प्रश्न एवढाच की मुंबईत तोडलेल्या झाडाच्या तुळया होतात का? ट्रकमध्ये ओंडके भरून जातात ते बहुतेक जळणाला. फांद्या, पानं, मुळं तर कुजायलाच जातात.

---

गिरगावचा | ६ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

पटलं. तौक्ते वादळात २०२१ च्या मे महिन्यात आमच्या गल्लीतला पर्जन्यवृक्ष आडवा झाला, त्याचे तुकडे करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं उचलून नेलं होतं. त्यातून एक पाटसुद्धा झाला नसेल.

---

खाजण | ७ ऑक्टोबर, रात्री ८.१५

सगळे खोडाबद्दलच बोलताय म्हणून चिखलाची बाजू मांडतो. मी ठाणे खाडीच्या काठचा, घरात तीन पिढ्या मासेमारी. आता कांदळवनाच्या मोजणीला जाणाऱ्या मुलांना होडीतून नेतो, वाटा दाखवतो.

तिवराचं झाड बघितलं तर फार मोठं नसतं. ऐनापुढे ते झुडूपच म्हणायचं. पण ती मुलं झाड मोजून झालं की एक अर्धगोल नळी चिखलात उभी दाबतात, अंगाचा भार टाकून, फिरवून बाहेर काढतात. वरचा वीतभर चिखल तपकिरी. त्याच्या खाली राखी, मग काळा. काळ्याला सडक्या अंड्यासारखा वास. त्या काळ्यात मुळांचे धागे, पानांचे तुकडे जसेच्या तसे दिसतात, बोटाने वेगळे करता येतात. एका मुलीने मला समजावलं की भरतीचं पाणी सारखं चढत-उतरत असल्याने चिखलात प्राणवायू पोचत नाही, म्हणून कुजणं फार हळू चालतं. वरून दर उधाणाला गाळ बसत राहतो आणि खाली सगळं गाडलं जातं. तिवर श्वासासाठी मुळं पेन्सिलीसारखी वर काढतो तो याच कारणाने.

नंतर मी स्वतः वाचलं. २०११ मध्ये हिंदी-प्रशांत महासागराच्या पट्ट्यातल्या कांदळवनांचा अभ्यास झाला, त्यात हेक्टरी सरासरी १०२३ टन कार्बन निघाला, आणि त्याचा मोठा वाटा मातीत. हा आकडा आपल्या खाडीचा नव्हे, तिथे गाळ किती खोल आहे त्यावर सगळं अवलंबून. पण तत्त्व तेच. भराव टाकून पाणी अडवलं की चिखल सुकतो, त्याला हवा लागते आणि शेकडो वर्षं साठलेलं कुजायला लागतं. झाडं नंतर हजार लावा, तो चिखल परत कसा आणणार?

उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडीवर बंदी घातली, २०१२ ला राज्याचा कांदळवन कक्ष आला, खाडी २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. आम्हाला फरक दिसतो. निवट्या परत दिसायला लागल्यात, चिंबोऱ्या बऱ्या मिळतात. डेब्रिजचे ट्रक रात्री अजून येतात, तेही दिसतं.

---

तांबट | ७ ऑक्टोबर, रात्री ९.००

खाजणदादा, हे असं कुणी सांगितलं नव्हतं कधी. ऐरोलीच्या पुलावरून रोज जाते, आता खाली वेगळ्या नजरेने बघेन.

एक बाळबोध प्रश्न. आमच्या ग्रुपवर नेहमी येतं की ॲमेझॉन म्हणजे पृथ्वीची फुप्फुसं, २० टक्के ऑक्सिजन तिथून येतो. सभेत ऐनाबद्दल ऑक्सिजनचा मुद्दा मांडावा का?

---

मोजपट्टी | ८ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

नको. जुनं रान जेवढा ऑक्सिजन सोडतं जवळजवळ तेवढाच स्वतःच्या श्वसनात आणि कुजण्यात वापरून टाकतं. हा मुद्दा मांडला आणि कुणी खोडून काढला तर बाकीचं खरं असूनही पडेल.

ॲमेझॉनची खरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. लीड्स विद्यापीठाच्या पुढाकाराने तिथले ३२१ प्लॉट वर्षानुवर्षं मोजले गेले. २०१५ मध्ये रोल ब्रिनेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की २००० च्या दशकात ते रान १९९० च्या दशकापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी कार्बन ओढत होतं. झाडांच्या वाढीचा वेग आधी चढत होता तो चढायचा थांबला आणि झाडं मरण्याचं प्रमाण मात्र चढत गेलं. २०२१ मध्ये लुसियाना गात्ती यांच्या गटाने विमानातून नऊ वर्षं हवेचे नमुने घेऊन दाखवलं की आग्नेय ॲमेझॉन आता जेवढा कार्बन घेतो त्याहून जास्त सोडतो. जंगलतोड, आगी आणि लांबलेला उन्हाळा. हे हातातल्या टेपने कळलं, विमानाने कळलं, आता उपग्रहही आहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये युरोपचा 'बायोमास' गेला, जुलैमध्ये इस्रो-नासाचा 'निसार'. त्यांच्या लांब तरंगलांबीच्या लहरी पानांतून आरपार जाऊन फांद्या-खोडांपर्यंत पोचतात. पण त्यांचं वाचन बरोबर आहे की नाही हे ताडायला शेवटी जमिनीवर कुणीतरी टेप घेऊन उभं असावंच लागतं.

महावेलींबद्दलही सांगायचं राहिलं. पनामात प्लॉटांमधल्या वेली मुळापासून कापून पाहिल्या, तेव्हा वेली असलेल्या भागात कार्बनची निव्वळ साठवण ७६ टक्क्यांनी कमी दिसली. वेल झाडाच्या जिवावर उन्हात जाते, स्वतः लाकूड थोडंच करते. म्हणून वेली कापा असं मात्र म्हणत नाही. गारंबीची वेल नसलेलं सह्याद्रीचं रान मला नको आहे. कार्बन हा रानाचा एक हिशेब झाला, त्याच्या पलीकडेही रान आहे.

---

येऊरची वाट | ८ ऑक्टोबर, दुपारी ४.१०

शेवटच्या वाक्याला +१.

याच अंगाने थोडं. मोठ्या झाडांचं बी कोण नेतं, हाही कार्बनचाच प्रश्न आहे. ऐनाच्या फळाला पाच पंख असतात, ते वाऱ्यावर जातं. पण जांभूळ, उंबर यांना पाखरं, वटवाघळं, उदमांजर लागतात. सदाहरित रानातल्या कित्येक जड लाकडाच्या झाडांचं बी एवढं मोठं असतं की ते धनेशाच्याच घशातून जातं. आनंद ओसुरी आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास आहे. शिकारीमुळे मोठी फळखाऊ जनावरं-पाखरं संपली तर पुढच्या पिढीत अशी झाडं कमी होतात आणि रान हिरवं दिसत असूनही कार्बन घटतो. जिथे वाऱ्यावर बी जाणारी मोठी झाडं जास्त, तिथे, म्हणजे आग्नेय आशियात, हा परिणाम कमी. आपल्या भागात जास्त.

मुंबईत राखी धनेश आहेत अजून. आमच्या पाड्याच्या वरच्या अंगाला उंबरावर रोज सकाळी जोडी येते. तिच्या विष्ठेखाली उगवलेली रोपं मी मोजायला घेतली आहेत. या धाग्याने हुरूप आला.

आणि कारवी. गेल्या वर्षी, २०२४ मध्ये, राष्ट्रीय उद्यानात आणि येऊरला आठ वर्षांनी फुलली. डोंगर जांभळा झाला होता. आता ती सगळी वाळून काडी झाली आहे. चालताना अंगाला घासते, मोडते, आतून पोकळ. काही काड्या घराच्या कुडाला नेल्या, वर शेणमाती लिंपली की भिंत झाली. उरलेली वाळवी खाईल, कार्बन हवेत परत. पण खाली बी पडलंय, त्या जागी पावसात बोटभर रोपांची गर्दी झाली होती. डिसेंबरपासून वणव्याची भीती असते ती याच काड्यांमुळे, एवढं फिरायला येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं ही विनंती.

---

हिरवाई | ९ ऑक्टोबर, रात्री १०.४५

मी मियावाकी लागवडीच्या गटात काम करते. इथे कुणी अजून नाव घेतलं नाही, पण रोख त्या दिशेने येईल असं वाटलं म्हणून आधीच लिहिते. अकिरा मियावाकींची पद्धत म्हणजे स्थानिक जाती, दाट लावणी, दोन-तीन वर्षं पाणी आणि तण काढणं. शहरात वीस गुंठ्यांच्या उकिरड्याचं तीन वर्षांत हिरवं बेट झालेलं मी पाहिलंय, तिथे आता भारद्वाज आहे. त्याबद्दल मला अभिमान आहे. पण आमच्या लागवडीचा आकडा दाखवून कुणी जुनं झाड तोडायची परवानगी घेत असेल तर ते मला मंजूर नाही. दाट लावलेल्यांतली बरीच रोपं पुढे स्पर्धेत मरतात, मरायलाच हवीत. लावलेल्या रोपांची संख्या म्हणजे उद्याच्या झाडांची संख्या नव्हे.

आणि सड्यांवर (कातळाच्या पठारांवर), गवताळ माळांवर तर लावूच नका. तिथला कार्बन गवताच्या मुळांत, मातीत आहे.

करवंदताई, राज्याच्या झाडं जपण्याच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड 'हेरिटेज वृक्ष' धरलं जातं. सभेत हे सांगा. परवानगीच्या अर्जात वय काय लिहिलंय ते मागून घ्या.

---

करवंद | १० नोव्हेंबर, रात्री ११.३०

मंडळी, काल सभा झाली.

मी फार बोलले नाही. दोन पिशव्या घेऊन गेले होते. एकीत तीन मीटरचं सुकलेलं रोप, तुकडे करून, काट्यावर ठेवलं तर एक किलोला थोडं कमी. रस्त्यावरच्या जाळीतलंच मेलेलं होतं. दुसरीत वही. म्हटलं, ऐन यंदा एका वर्षात अशी पस्तीसेक रोपं अंगावर चढवून उभा आहे, आणि यातली पंधरा आपल्याच रस्त्यावर मेली. गिरगावचा यांचं बारा सेंटीमीटरचं गणितही मीच सांगितलं, लपवलं नाही. मग साठ रोपं कुठे लावणार, पाणी कोण घालणार, हे लेखी मागितलं. अर्जात ऐनाचं वय ३५ लिहिलेलं निघालं. इमारत त्याहून जुनी आहे आणि पहिल्या दिवसापासून राहणाऱ्या काकू सभेत होत्या. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या मोठ्याच्या बारशाला याच्याच सावलीत पंगत बसली होती. तो आता अठ्ठावन्नचा आहे."

रॅम्प दुसऱ्या बाजूने घेता येईल का हे आर्किटेक्ट पाहून सांगणार आहेत. मुळांसाठी किती मोकळी जमीन सोडावी लागेल तेही विचारलंय. ठरलं काहीच नाही, पण अर्ज परत मागवलाय.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता वसाहतीतली सगळी झाडं मोजायची ठरवली आहेत. एकूण ११२ आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी निरोप टाका. शिंपीकामाचा टेप चालेल, पण तो ताणलेला जुना नसावा.

---

खाजण | ११ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

मी येतो. ओहोटी अकरानंतर आहे, तोवर मोकळा.

---

तांबट | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.२५

मीही. आमच्या इथलं एक कालच मोजलं. चिंच आहे, पण दोन खोडं गुडघ्याच्या उंचीवरच फुटलीत. घेर कुठला धरायचा?

---

मोजपट्टी | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

१.३ मीटरच्या खाली फुटली असतील तर दोन्ही वेगळी मोजा, दोन ओळींत लिहा आणि शेजारी 'एकच झाड' अशी खूण करा. खडूची रेघ आत्ताच मारून ठेवा, आणि पुढच्या वर्षी पाऊस उघडला की त्याच रेघेवर पुन्हा.